शिकवल्याप्रमाणे

“अजून वाईट सांगा,” बापूसाहेब म्हणाले.

मीनाबाईने शेजारी बाकावर बसलेल्या मुलाकडे पाहिलं. सुमित समोरच्या भिंतीकडे बघत होता. सरकारी दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये आणखी वीसेक माणसं होती. सगळे डॉक्टरांच्या बोर्डापुढे नाव पुकारलं जायची वाट बघत होते.

“आंघोळ करत न्हाय,” मीनाबाई म्हणाली.

“एवढंच नको. कोण घालतं?”

“मी घालते. हाताला धरून नेते, पाटावर बसवते, तांब्यानं पाणी वतते.”

“हां. हे सांगा. आणि खाली बघून नका सांगू.”

मागच्या खेपेला तिनेच काम बिघडवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, मुलगा रोज आंघोळ करतो का. ती म्हणाली, व्हय की, रोज. वेळेवर जेवतो का? जेवतो की. तसा लई गुणाचा हाय वो. परक्या माणसांत आपल्या पोराला नावं ठेवायची नसतात, एवढंच तिला ठाऊक होतं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर तीस टक्के आले. चाळीसच्या खाली सरकारची पेन्शन मिळत नाही. कडक भाकरीच्या केंद्रात थापून थापून तिचे दोन्ही पंजे आता मिटत नव्हते. ती थांबली की घर थांबणार होतं.

म्हणून या खेपेला ती बापूसाहेबांकडे गेली. एका मोठ्या दवाखान्यात ते समाजसेवा अधीक्षक होते. निवृत्तीनंतर शुक्रवार पेठेत दोन खुर्च्या टाकून लोकांची अशी कामं करत. माणूस सज्जन होता. कुणाला खोटं बोलायला लावत नसे. ते म्हणत, नैराश्य हा आजार एक्स-रेत दिसत नाही, तो घरच्यांच्या तोंडूनच दिसतो. आणि घरचे तर तो झाकायलाच बसलेले असतात.

“मावशी, अब्रू चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवा,” ते म्हणाले. “परत येताना घालून या. आता पहिल्यापासून म्हणा.”

मीनाबाई म्हणू लागली. आंघोळ. जेवण. मिलच्या नोकरीवर जायचं कसं बंद झालं ते. पुढे अडली.

“गॅस,” सुमित हळूच म्हणाला. “चालू ठेवून झोपलेलो, ते राहिलं.”

बापूसाहेबांना हसू आलं. “तू आत असं सांगत बसू नकोस बाबा. नापास करशील आईला.”

सुमितच्या ओठांची एक कड किंचित हलली. हे सगळं त्याच्याविषयी होतं, तरी त्याला फारसं लागत नसावं. गेले आठ दिवस आई भाकरी खाताना, भांडी घासताना ही वाक्यं पाठ करत होती. शाळेतल्या पोरीसारखी चुकत होती. ते नाटक होतं, आणि ते ती त्याच्यासाठी करत होती. मित्र, मामा, लग्न ठरलेली मुलगी, सगळे एकेक करून लांब गेले होते. आई तेवढी त्याच्या बाजूची होती. सकाळी डोळे उघडायला त्याच्याकडे तेवढं एकच कारण होतं.

नाव पुकारलं गेलं. बापूसाहेबांना आत सगळे ओळखत होते. ते दाराशी उभे राहिले, कुणी हटकलं नाही.

टेबलामागे तिघं होते. मधल्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या आणि लिहीत होत्या. मीनाबाईने एकही वाक्य गाळलं नाही. पाणी, पाट, गॅस, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. असं त्या दिवसभर ऐकत असणार.

“बरं मावशी,” लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटतं मुलाकडे बघून?”

हा प्रश्न पाठ केलेला नव्हता. मीनाबाई बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव सांगावा तसा.

“दोन पोरं हुती मला, म्याडम. धाकटा यशपाल. कामाचा, हसरा. गाडीवरनं गेला त्यो आलाच न्हाय. रोज ह्याच्या अंगावर पाणी वतताना वाटतंय, राहायचा त्यो गेला आन् जायचा त्यो राहिला.”

पेन थांबलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मीनाबाईकडे पाहिलं, मग सुमितकडे, आणि बाकीच्या दोघांशी हलक्या आवाजात काही बोलल्या.

“चाळीसच्या बरंच वर जाईल,” त्या म्हणाल्या. “कार्ड घरी येईल.”

बाहेर आल्यावर सुमित भिंतीला टेकून उभा राहिला. पुढे चालेना. मीनाबाईने त्याचा दंड धरला.

“आरं, मनावर घेऊ नगं. ते समदं सायबांनी शिकवलेलं.”

“यशपालचंबी?”

“त्येबी त्यांनीच. असलं कायतरी बोलल्याबिगर लिवत न्हाईत म्हनले.”

सुमित तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मोठा श्वास सोडला. तिच्या खांद्यावरची रिपोर्टांची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

“मला वाटलंच,” तो म्हणाला. “चल, चहा घेऊ.”

मागून बापूसाहेब घाईने आले. त्यांचे डोळे ओलावले होते. मीनाबाईने त्यांना हाताने काही खुणावलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी सुमितच्या पाठीवर हात ठेवला आणि हळहळून तिला म्हणाले,

“मावशी, मला आधी सांगायचं नाही का? तुम्हाला धाकटा मुलगा होता, हे मला आत्ता आतच कळलं.”