पाय पुढे

धूर दुसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा डॉक्टर बाबाजीला विचारत होते, "जिना चढता येतो?"

चालता येत नसल्याचा दाखला डिचोलीच्या त्या सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच मिळायचा. बाबाजी सर्वणहून रिक्षाने आणि पुढे लिफ्टने आला होता. कमरेखाली त्याचं काहीच चालत नव्हतं, त्यामुळे उत्तर सोपं होतं. पण ते ऐकायला डॉक्टर थांबले नाहीत. खाली मीटरची खोली पेटली होती. दिवे गेले, लिफ्ट गेली आणि सगळा मजला एकदम पळत सुटला. म्हणजे ज्यांना पळता येत होतं तो.

"तुम्ही इथेच बसा हां, कोणाला तरी पाठवतो," डॉक्टर जाता जाता म्हणाले. बसण्यावाचून बाबाजीला दुसरं काही येतच नव्हतं.

त्याची बायको मालती खिडकीतून ओरडली. खालच्या लोकांनी वर बघून हात हलवले.

शेवटी अग्निशामक दलाचा साईश आणि त्याचा एक जोडीदार वर आले. मोठा जिना धुराने भरला होता. मागचा जिना मोकळा होता, पण चाकाची खुर्ची त्यातून उतरेना. स्ट्रेचर काढलं. चौघे हवे होते, म्हणून शिपाई गुरुदासला धरलं आणि कँटीनात पाव घालायला आलेल्या पोदेरालाही. साईशने बाबाजीला आडवं केलं, छातीवर पट्टा आवळला, दोन्ही पाय जुळवून बांधले, नाकातोंडावर ओला पांढरा कपडा घातला आणि हुकूम सोडला, "उचला. पाय पुढे."

मालतीने हे बघितलं. चौघे, पट्टे, पांढरं कापड, दाराकडे पाय. ही तयारी तिने आयुष्यात पुष्कळदा पाहिली होती. फक्त त्यातला माणूस छताकडे बघत पापण्या हलवत नसे.

ती दारात हात पसरून उभी राहिली. "पाय पुढे करून ह्यांका व्हरूंक दिवचंय ना."

"मावशे, जिन्यावर टकली पुढे केली तर उलटे लटकतले ते."

"लटकूं देत. पाय पुढे करून कोणाक भायर काढतत, तुका खबर ना? तुज्या घरात कोण कधी मेलाच ना?"

साईशचा आजो गेल्याच महिन्यात गेला होता. पायाकडचा खांदा साईशनेच दिला होता. तेवढ्यात धूर दारातून आत येऊन छताखाली पसरला.

"मावशे, हें घर न्हय गो, ऑफिस," पोदेर म्हणाला.

"मरण काय घर बघून येता?"

बाबाजीने तोंडावरचा कपडा खाली ओढला. खोकला आवरून तो म्हणाला, "मालती, वाट सोड गो. ना तर आदी मी खराच मरतलंय. मग पाय खंय करूचे ते तू सावकाश ठरव."

मालतीने त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून त्याच्या पायांचा पट्टा सोडला.

"मावशे, पाय घसरतले!"

"मी धरतंय. आणि मी पुढे चलतंय. आमच्यात बायल उंबऱ्यार थांबता. बायल पुढे चलता तर तां मडां न्हय."

बायका मढ्यासोबत उंबऱ्यापुढे जात नाहीत, हा नियम साईशलाही माहीत होता. यावर त्याच्याकडे दुसरा नियम नव्हता. "चल तर," तो म्हणाला.

मालती पाठमोरी जिना उतरू लागली. एका हातात एक पाय, दुसऱ्या हातात दुसरा, दोन्ही एकमेकांपासून दूर धरलेले; जुळवून बांधतात ते मेलेल्याचे. पायरी ती टाचेने चाचपत होती. दर वळणावर ती विचारायची, "दुखता ओ?" आणि ज्या पायांना काही कळत नव्हतं त्यांच्या वतीने बाबाजी कपड्याआडून सांगायचा, "ना गो."

पहिल्या मजल्याच्या वळणावर धूर आडवा आला. चौघे दिसेनासे झाले. हातातले पाय तेवढे राहिले.

"दुखता ओ?"

उत्तर आलं नाही.

मालती थांबली. वरून चौघांचा भार तिच्यावर आला.

"मावशे, चल! थांबू नको!" साईश ओरडला.

"विचारतंय ना मी? दुखता?" तिने पाय घट्ट आवळले. धुरात कोणी तरी खोकलं. ते कोण, ते तिला कळेना. तिने आणखी आवळले.

"दुखता," बाबाजी म्हणाला.

दाखल्याच्या दृष्टीने हे उत्तर घातक होतं. मालतीने मात्र पुढची पायरी घेतली.

बाहेर आंब्याखाली सगळं ऑफिस उभं होतं. चौघांनी उचललेला, पांढरं कापड घातलेला, पाय पुढे करून येणारा माणूस दिसला तशी सगळ्यांनी वाट करून दिली. एकाने चपला काढल्या. डॉक्टरांनी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले.

बाबाजीने कापड बाजूला सारलं, जमलेल्यांवरून एकदा नजर फिरवली आणि उलट नमस्कार केला. जोडलेले हात आता खाली कसे घ्यायचे ते कोणाला सुचेना.

"ठेवा खाली," साईश म्हणाला.

"जमनीर नाका!" मालती ओरडली. गेलेल्याला आधी जमिनीवर काढतात.

खुर्ची वरच राहिली होती. पोदेराच्या हातातून स्ट्रेचरची दांडी निसटू लागली होती. मालतीने इकडेतिकडे पाहिलं. जोडलेल्या हातांपैकी एकही मोकळा नव्हता. तेव्हा तीच मातीत बसली, मांडी घातली, पदर पसरला आणि म्हणाली, "हंय ठेवा."