शहाण्याचा नांगर

आमच्या ह्यांनी तीन वर्षं पार्किंगमध्ये खपून शिडाची होडी बांधली. शीड मी शिवलं. मे महिन्यात गंगापूर धरणाचं पाणी तळाला गेलेलं असताना नारळ फोडून ती पाण्यात सोडली. डोलकाठीच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली आणि नांगराचा दोर तेवढ्याच पाण्याच्या मापाने कापला. उरलेला मला दिला, कपडे वाळत घालायला. जुलैत वादळी पाऊस लागला. म्हटलं, “अहो, पाणी चढतंय, होडी काठावर ओढून घ्या.” टीव्हीसमोर लोळत हे म्हणाले, “तुला काय कळतंय? नांगर टाकलाय. कुठे जातेय ती?” सकाळी जाऊन पाहिलं. होडी खरंच कुठे गेली नव्हती. आखूड दोराने नाक खाली ओढून तिला जागेवरच बुडवलं होतं. पाण्याबाहेर फक्त लिंबू-मिरची लोंबत होती. “कुणाची तरी नजर लागली,” हे म्हणाले. घरी उरलेल्या दोरावर ह्यांचेच बनियन वाळत होते.