सहाव्या होलचं तळं

तळं पुन्हा खाली गेलं होतं.

साधनानं कपाळावर हात मारला. शनिवारी तुडुंब भरलेलं तळं, आणि आज त्याच्या मधोमध बगळे पाय न भिजवता फिरत होते.

"म्या म्हनलंच होतं, मॅडम." मागून बबनराव आले. हे मैदानाचे मॅनेजर. वाईट बातमी सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. "धरनावरून येवढं पानी आनून राह्यलो आपन, अन् ते जाते कुठं? मालक मलेच बोलून राह्यले."

दिग्रस रोडच्या माळावरचं हे गोल्फचं मैदान डी. आर. साहेबांनी आखलं होतं. एके काळी त्यांचं नाव पेपरात रोज असे. खेळ सोडल्यावर त्यांनी तीन मैदानं आखली, आणि तिन्ही आता नागपूरच्या एकाच मालकाकडे होती. तिन्हींची रया गेलेली. डागडुजीचं पहिलं काम साधनाला मिळालं होतं, आणि तिच्या स्वतःच्या नावावरचंही हे पहिलंच. मालकाला पसंत पडलं तर उरलेली दोन मैदानं तिची. नाहीतर पुण्याची एक कंपनी टपून बसलेलीच होती.

वाळूचे बंकर झाले, हिरवळ धरली. गाडं अडलं ते या सहाव्या होलच्या तळ्यापाशी. तिनं काळी माती आणून तळाला तुडवून बसवली. तळं गळलं. कोणी चोरून मोटार लावत असेल म्हणून बबनरावांनी राखण बसवली. राखणदाराला सर्दी झाली, चोर काही सापडला नाही.

शेवटी तिनं डेहराडूनला साहेबांना फोन लावला. मोठा बदल करायचा तर साहेबांना विचारायचं, असा मालकांचा दंडक होता. फाटकावर साहेबांचं नाव होतं ना!

"साहेब, तळाला काँक्रीट टाकते."

"कृपया तसं करू नका," साहेब म्हणाले. त्यांची मराठी छापील पुस्तकातली असावी तशी. "काठोकाठ भरलेलं तळं मला आवडत नाही. खेळणाऱ्याला थोडा चिखल दिसायला हवा. त्याशिवाय भीती वाटत नाही."

"पण पाणी वाया जातंय!"

"जाऊ द्या. मी आखलं आहे, तसंच राहू द्या."

मोबाइल तळ्यात भिरकावून द्यावा असं तिला वाटलं. पण बुडायला तळ्यात पाणी तरी हवं.

असा वैताग आला की ती उतारावरून खालच्या वस्तीत कौसल्याबाईंकडे चहाला जाई. पहिल्या आठवड्यात रस्ता चुकून ती त्यांच्या दारात गेली होती, तेव्हापासूनची ही ओळख. म्हातारी एकटीच राहायची. अंगणातच विहीर. साधना आली की आधी हातपाय धुवायला लावायची आणि बादलीवर बादली ओतायची.

"घे न वं अजून, लाजतं काहून? आमच्या पान्यात डाय कशी लोन्यावानी शिजते." मग चहा पुढे करत त्यांनी विचारलं, "सापडलं का तुह्या तयाचं भोक?"

"कुठलं, मावशी! आणि तो डी. आर. साहेब! चिखल बघायचाय म्हणे त्याला. इतका हेकट माणूस मी जन्मात पाहिला नाही."

कौसल्याबाई पदराआड हसल्या. "असन बाप्पा हेकट. म्हातारं मानूस हाये, आयकाव त्याचं."

"आणि पाणी फुकट घालवावं?"

"फुकट कायले जाईन? पानीच हाये ते. लागन कोनाच्या तरी कामी."

या बाईशी काय बोलायचं, असं मनात म्हणत साधनानं चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी तिनं जेसीबी लावून तळाची माती काढली. खाली दगड निघाले. मोठे खाली, बारीक वर, हातानं रचल्यासारखे, आणि उताराच्या बाजूला पसरत गेलेले. साधना बघतच राहिली. एवढा नावाजलेला माणूस, आणि तळ्याच्या बुडाला त्यानं चाळण घातली होती! तिनं कोणालाही विचारलं नाही. दगडांवर काँक्रीट ओतलं, वर जाड प्लास्टिक अंथरलं आणि पाणी सोडलं.

या वेळी तळं हललं नाही. महिना झाला तरी काठोकाठ. मालक स्वतः येऊन पाहून गेले आणि उरलेल्या दोन मैदानांचं कामही तिथंच तिला देऊन गेले. साधनाला इतका आनंद झाला की तिनं बबनरावांनासुद्धा दोन पेढे जास्त दिले. सांगायला वाईट बातमी नसल्यामुळे ते जरा उदास होते.

पेढे घेऊन ती कौसल्याबाईंकडे गेली. त्या विहिरीच्या काठावर बसून बादलीच्या दोराला आणखी एक दोर बांधत होत्या.

"उन्हाळा फार कडक आहे यंदा," साधना म्हणाली.

"हो वं. कडकच हाये."

त्यांनी अर्धा कप चहा दिला. हातपाय धू म्हणाल्या नाहीत, तळ्याचंही काही विचारलं नाही. पेढा हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. वय झालंय, साधनाला वाटलं.

चढावरून परत येताना तिनं डेहराडूनला फोन लावला. आता ओरडा खायची तिची तयारी होती.

"साहेब, माफ करा, तुमचं ऐकलं नाही. पण तळं आता थेंबभरही गळत नाही."

पलीकडून साहेब बोलले, आणि ते साहेबच आहेत हे तिला आधी ओळखूच आलं नाही.

"मंग आता आमच्या कौसल्याताईच्या विहिरीले पानी कुठून येईन, पोरी?"