दगडावर जगणारं झाड

आमच्या गच्चीवर दुपारी पाय ठेववत नाही, इतकं ऊन. म्हणून मी निवडून निवडून कमी पाण्यावर जगणारीच झाडं आणते. तरी कोरफड गेली, निवडुंग गेला. "ताई, हे दगडावरसुद्धा जगतं," असं म्हणत नर्सरीवाल्याने गळ्यात मारलेलं अडेनियमही पिवळं पडलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. कुंडी उचलली आणि तडक त्याच्यापुढे नेऊन आदळली.

त्याने खोड दाबून पाहिलं. पचकन पाणी आलं.

"ताई, कुजलंय हे. पाणी जास्त झालं."

"अहो, आठवड्यातून एकदा घालते! तेही तांब्याभर!"

"मग घरात आणखी कोणीतरी घालतंय."

घरी येऊन एकेकाला गाठलं.

सासूबाई म्हणाल्या, "रोज सकाळी मी घालते की! ह्यांना कोण विचारत बसणार?"

सासरे म्हणाले, "संध्याकाळी मी घालतो. तिने घातलं का, ते विचारायची सोय आहे का या घरात?"

मग नाइलाजाने नवऱ्यालाही विचारलं. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "ऑफिसला जाताना मी घालतो रोज. तू घालतेस की नाही, मला कसं कळणार? बोलतेस कुठे तू माझ्याशी?"

रिकामी कुंडी घेऊन पुन्हा नर्सरीत गेले. तो उन्हात टिकणारी झाडं दाखवायला लागला.



"दादा, उन्हाचं राहू द्या. चार माणसांच्या अबोल्यात टिकेल असं काही असेल, तर ते द्या."