अन्सेल्मोचं खोगीर

अन्सेल्मो पराना नदीच्या पुरात वाहून गेला. घोडा तेवढा परत आला, प्रेत काही सापडलं नाही. उन्हाळा सरल्यावर त्याची बायको एर्मेलिंदा त्याचं खोगीर माझ्या दुकानात घेऊन आली.

"फिदेन्सियोभाऊ, एवढं नीट करून द्या. आता पोरगी बसेल यावर."

पाण्यानं शिवण कुजली होती. मी रापीनं जुने टाके उसवले, कातडं भिजवून मऊ केलं आणि आरीनं भोकं पाडत मेणाच्या दोऱ्यानं शिवायला घेतलं. ओलं कातडं हाताला गार लागतं. हे मात्र बैठकीवर कोमट होतं, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं. उन्हानं तापलं असेल म्हणून मी खोगीर ज्या लाकडी घोडीवर टाकलं होतं तिच्यासकट सावलीत ओढलं. तिथंही ऊब तशीच.

दुपारी एर्मेलिंदा काम बघायला आली. तिला कसं सांगावं मला कळेना. मी नुसता तिचा हात धरून बैठकीवर ठेवला. ती दचकली नाही. तिनं डोळे मिटून घेतले.

"घरी त्याची उशीही अशीच असते," ती म्हणाली. "कुणाला बोलले नाही. येडी म्हणतील मला."

"मी नाही म्हणणार, वहिनी."

तेवढ्यात पाय ठेवायची डावी रिकीब खाली खेचली गेली. तिचा पट्टा ताणला गेला. मग नवे टाके करकरले, माणसाचं वजन आल्यावर करकरतात तसे.

एर्मेलिंदानं जागा करून दिल्यासारखा हात बाजूला घेतला.

"जरा दमानं," ती हळूच म्हणाली, "कातडं ओलं आहे अजून."