सीलबंद पेटी

“सील तुटलं की स्पर्धक बाद,” सचिव म्हणाले. टेबलावर पेट्यांची चळत होती, पण कानवालीची पेटी त्यांनी आपल्या पिशवीतून काढली आणि स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात अडकवली.

श्रवणयंत्रं दुरुस्त करण्याचं तिचं दुकान होतं, म्हणून हौशी रेडिओवाल्यांत तिला सगळे कानवाली म्हणत. तिनं पेटी उलटसुलट करून पाहिली. पुढे एक काटा, वर घडीचा अँटेना, बाजूला तांबडं बटण. कानाला लावायला काहीच नाही.

“यात ऐकू कसं यायचं?”

“ऐकायचंय कशाला? काटा चढेल तिकडे जायचं. कोल्हा सापडला की तांबडं बटण दाबा, आमच्या गाडीत ठिकाण दिसतं.”

“म्हणजे आंधळी कोशिंबीर, तीही कान बांधून.”

सचिव हसले. “कंपनीनं एवढी यंत्रं दिली, गोड मानून घ्या. तुमच्यावर तर आमची सगळी भिस्त आहे.”

दिली कसली, विकली होती. गावात कुठेतरी लपवलेलं प्रक्षेपक यंत्र म्हणजे कोल्हा, आणि ते हुडकणं म्हणजे शिकार. इतकी वर्षं ज्यानं त्यानं आपापलं यंत्र घरी बनवून आणलं होतं. यंदा ही पेटी घेतल्याशिवाय नाव नोंदवायचं नाही, असा हौशी रेडिओवाल्यांच्या महासंघाचा फतवा. आधी महासंघाच्या मासिकात एकाच कंपनीच्या जाहिराती आल्या, मग परवान्याच्या परीक्षेची पुस्तकं तिचीच आली, मग ही पेटी. आज दुपारच्या सभेत मोठा घास होता. हौशी लोकांसाठी राखलेल्या लहरी त्याच कंपनीला द्यायचा ठराव. कुंपणच शेत खात होतं.

हे तोंडावर म्हणणारे दोघेच निघाले. एक होता घड्याळजी. जन्मभर आपल्या अँटेनाच्या मनोऱ्यावर खारीसारखा चढणारा तो माणूस गेल्या हिवाळ्यात वरून पडला. तोल गेला म्हणे. महासंघानं पुष्पचक्र पाठवलं, त्यावरही कंपनीचं नाव होतं.

दुसरा तिचा मामा.

मामानंच तिला लहानपणी या नादाला लावलं होतं. रेडिओवरही तो पंगतीला बसल्यासारखा सभ्य. दम्याची उबळ आली की बोलायचं बटण सोडून प्रक्षेपणच थांबवायचा. लोकांच्या कानात खोकू नये म्हणे. घड्याळजी गेल्यापासून तो आपलं यंत्र घेऊन कुठेतरी दडून बसला होता. परवा त्याचा फोन आला.

“कुठे आहेस ते तरी सांग रे मामा.”

“तुला ठाऊक नसलं की तुझ्याकडून कुणाला कळायचं नाही. रविवारी सभेआधी मी बोलणार. कुणी किती खाल्लं, सगळं सांगणार.”

“तेव्हाच तर शिकार ठेवलीय त्यांनी. सगळे रानोमाळ. ऐकायला कोण, भिंती?”

“भिंतींनाही कान असतात. तुझ्या दुकानात आणून तपासून घे.” तो हसता हसता खोकला. “तू जिंक गं. जिंकणाऱ्याला सभेत दोन शब्द बोलायला मिळतात ना? मी हवेतून बोलतो, तू व्यासपीठावरून बोल.”

“आणि त्यांनी तुला शोधलं तर?”

“त्या लठ्ठ पगारवाल्यांना? त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. मला शोधू शकेल असं एकच माणूस आहे, ते मीच तयार केलंय.”

शिट्टी झाली तशी सगळी फौज टेकडीकडे धावली. दरवर्षी तिच्याशी चुरस करणारा बेकरीवाला धापा टाकत ओरडला, “कानवाले, तिकडे कुठे? काटा वर दाखवतोय की!”

“पळा, पळा! पोट तरी उतरेल!”

तिचा काटा कालव्याकडे ओढत होता. लहरी टेकडीवर आपटून परततात आणि नवशिके हमखास फसतात, हे तिला मामानं शिकवलं होतं. बेकरीवालासुद्धा फसावा याचं तिला हसू आलं.

पुलावर तिनं अँटेना हळूहळू फिरवला. नेहमीचा कोल्हा ठरल्या वेळी ओरडे, ठरल्या वेळी गप्प होई. आजचा भलताच लहरी. काटा चढे, मध्येच धपकन पडे, पुन्हा चढे. तिनं पेटीला चापट मारली. “महागाचा भाव नि स्वस्तातला माल.”

मागे एक पांढरी गाडी सावकाश येत होती. ती थांबली की गाडीही थांबे. पंच असतील, तिनं मनाशी म्हटलं आणि पाय उचलला. सभेत म्हणायची वाक्यं ती चालता चालता घोकत होती.

कालव्याच्या काठी बंद पडलेली लाँड्री होती. अंगणात दोन खांबांना तार ताणलेली. कपडे नाहीत, चिमटे नाहीत. बंद लाँड्रीला तार कशाला, असं तिच्या मनात आलं. पण काटा टोकाला जाऊन थरथरत होता आणि समोर मागच्या खोलीचं लोटलेलं दार होतं.

मागच्या वर्षी असंच दार तिनं आधी उघडलं होतं. ती आत डोकावतेय तोवर बेकरीवाल्यानं मागून येऊन डाव साधला. तेव्हा मामा फोनवर पोट धरून हसला होता. “वेडे, आधी खूण करायची, मग तोंड बघायचं!”

यंदा तिनं आधी बटण दाबलं.

रस्त्यावर गाडी आवाज करत थांबली. एकामागून एक दारं आपटली. जिंकल्याच्या आनंदात तिनं खोलीचं दार ढकललं.

आत दाराकडे पाठ करून बसलेल्या माणसाला खोकल्याची उबळ आली. त्यानं हातातलं बटण सोडलं, आणि तिच्या गळ्यातल्या पेटीचा काटा धपकन खाली पडला.