घसरणारा सूर

धुळ्याच्या कॉलेजात अकरावीच्या संगीताच्या तासाला युवराज सरांनी पेटीवर सा धरून एक सूर वाजवला. कुणालाच ओळखता येईना. शेवटी डिंपल म्हणाली, "सर, हळदीचं गाणं म्हणताना आमची आई याच सुरावर घसरायची. बायका हसायच्या तिला."

सरांनी तिच्याकडून त्या गाण्याची ओळ आईसारखीच म्हणून घेतली. "हा कोमल गंधार. या चालीला हाच लागतो. तुझी आई घसरत नव्हती, बाकीच्या चढत होत्या."

संध्याकाळी गावी पोचल्यावर डिंपलने आईला हे सांगितलं. काकूच्या घरी लग्नाची तयारी चालली होती. गेली पाच वर्षं लग्नघरात नुसत्या टाळ्या वाजवणारी शेवंताबाई पीठ मळता मळता थांबली.

"तुन्ही काकूले सांगी ठेव," ती म्हणाली. "परवा हळदले पहिलं गानं मी म्हनसू."